एका ओळीला एक

४ जून

वखारमालक, नमस्कार.

तुमची मुलगी गेले काही शनिवार माझ्याकडे गाणं शिकायला येते आहे. करवतीच्या आवाजात फोनवर काही ऐकू येत नाही, जे असेल ते तिच्याच हाती चिठ्ठीने कळवा, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून लिहिते.

मी गोड बोलणारी बाई नाही, हे तुम्ही ऐकून असालच. मुलीचा आवाज चांगला आहे. चांगला म्हणजे, चपलांच्या दुकानावरच्या माझ्या या खोलीत इतक्या वर्षांत असा आवाज आला नव्हता. भरीव आहे, खाली उतरला तरी फाटत नाही. पण मुलगी आळशी आहे. तोंड उघडत नाही. पहिला सूर लाव म्हटलं की खिडकीबाहेर बघते. दिलेला धडा घोकून आणत नाही, विचारलं तर मान खाली. पंधरा वर्षांच्या मुलीने इतकं घुम्यासारखं बसावं हे मला चालत नाही. तिच्या बरोबरीच्या दोघी आवाजाने तिच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण त्या पुढे निघून गेल्या.

घरी सराव होतो का, यावर लक्ष ठेवा. मी आठवड्यातून एकदा भेटते. बाकीचे दिवस तुमच्या हातात आहेत.

गाण्याच्या बाई


७ जून

बाई, नमस्कार.

चिठ्ठी मिळाली. दोनदा वाचली. खरं लिहिलंत, बरं वाटलं. नाहीतर ते शाळेतले मास्तर. वर्षभर 'हुशार आहे, हुशार आहे' म्हणतात आणि निकालाच्या दिवशी तोंड लपवतात.

आमच्या वखारीत ओंडका येतो तो ओला येतो. ओलं लाकूड करवतीला धड कापू देत नाही, मध्येच पातं धरून ठेवतं. त्याला वाळवावं लागतं. पोरीचंही तेच आहे. आईने लाडावून ठेवली आहे. त्या माउलीला सांगून ठेवलंय, गाण्याच्या बाबतीत तू मध्ये पडायचं नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल, लहानपणी मीही गायचो. आमचे गुरुजी खुर्चीच्या मोडलेल्या पायाने मारायचे. सूर चुकला की नडगीवर. अजून थंडीत ठणकते. पण त्या लाकडाने मला जेवढा सूर दिला तेवढा कुणी दिला नाही. मग वडील गेले, वखारीत बसावं लागलं, गाणं सुटलं. नाहीतर आज तुम्ही मला ऐकायला आल्या असतात. हसू नका.

तर काळजी सोडा. फरक दिसेल. दर वेळी असंच सविस्तर लिहा. काही गाळू नका.

वखारवाला


१८ जून

वखारमालक, नमस्कार.

फरक दिसला. खरं सांगते, तुमच्या शब्दावर माझा विश्वास बसला नव्हता. आज धडा तोंडपाठ होता. तोंडही उघडलं. घरी काय केलंत मला माहीत नाही, पण तेच चालू ठेवा.

दोन तक्रारी आहेत. वरच्या सुराला जाताना ती अर्ध्या वाटेत थांबते. मी जरा आवाज चढवला तर रडायला लागली. मी विद्यार्थ्यावर हात उगारत नाही. माझ्या बाईंनी माझ्यावर उगारला तेवढा एका जन्माला पुरे झाला. पण रडण्याचं कौतुकही मी करत नाही. दुसरं म्हणजे, उकाड्याने जीव नकोसा झालाय आणि ही मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घालून येते. घामाने निथळणारी मुलगी काय गाणार? तिच्या आईला सांगा.

गाण्याच्या बाई


२१ जून

बाई,

रडण्याचा बंदोबस्त केला आहे. बाह्यांचं म्हणाल तर तिला ऊन सोसत नाही, तसंच येऊ दे. वरच्या सुराचं जे लिहिलंत ते तिला वाचून दाखवलं. तुमचं पत्र तिला मी नेहमीच वाचून दाखवतो. आपल्याबद्दल लोक काय म्हणतात ते माणसाला कळायला हवं.

पुढे लिहा.

वखारवाला


२ जुलै

वखारमालक, नमस्कार.

रडणं थांबलं खरं. पण आता ती काहीच करत नाही. लाकडी बाहुलीसारखी उभी राहते आणि सांगितलं तेवढं म्हणते. बस म्हटलं तर बसत नाही.

आणि श्वास! सगळं गाणं श्वासावर उभं असतं. ही अर्ध्या श्वासावर गाते. चार शब्द म्हटले की दम संपला, ओळ मध्येच तुटली. 'पोट भरून घे, बरगड्या उघडू देत' असं सांगून सांगून माझा घसा बसला. हा निव्वळ हट्ट आहे. मला हिणवायला करते की काय, अशी शंका येते. देवाने असा आवाज चुकीच्या पत्त्यावर पाठवला, असंच म्हणायची वेळ आली आहे. हेच चालणार असेल तर मला तिला काढून टाकावं लागेल.

गाण्याच्या बाई


५ जुलै

बाई,

काढून टाकायची भाषा नको. हट्ट माझ्या ओळखीचा आहे, तो तिच्या आईकडून आलाय. आईचा मी उतरवला, हिचा उतरायला कितीसा वेळ.

या शनिवारी ती येणार नाही. जिन्यावरून पडली. सूज उतरली की पाठवतो.

वखारवाला


१६ जुलै

बबीच्या आईस,

आपली भेट नाही. हे पत्र तिच्या वहीच्या पुठ्ठ्याआड घालून देते आहे. घरात दुसऱ्या कुणाच्या दृष्टीस पडू देऊ नका.

आज काय झालं ते सांगते. श्वास शिकवताना मी मुलांच्या मागे उभी राहते आणि दोन्ही हात त्यांच्या बरगड्यांवर ठेवते, म्हणजे श्वास कुठवर जातो ते हाताला कळतं. बबीच्या बरगड्यांवर हात ठेवले आणि ती किंचाळली. माणसाच्या गळ्यातून असा आवाज मी ऐकला नव्हता. खालच्या दुकानातला चपलांचा कारागीर हातोडी घेऊन वर धावत आला. मी त्याला परत पाठवलं, दार लावलं आणि तिच्या झग्याची मागची बटणं काढली.

तिची पाठ तुम्ही बघितली असेल. पिवळे पडलेले वण, त्यांच्यावर हिरवे, त्यांच्यावर काळेनिळे. कातडीवर फळीची कड जशीच्या तशी उमटली होती. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन बरगड्यांना चीर गेली आहे. त्यातली एक जुनी आहे, ती वाकडी जुळते आहे.

ती अर्ध्या श्वासावर गात होती, कारण पुरता श्वास घेतला की बरगडी टोचायची. मी त्याला हट्ट म्हटलं.

कितीही विचारलं तरी 'जिन्यावरून पडले' याच्यापुढे ती गेली नाही. निघताना म्हणाली, "बाई, आज चिठ्ठी देणार का?" मी "नाही" म्हटलं तर जास्तच घाबरली. "नको, द्या. नाहीतर बाबा म्हणतील, मी फाडली."

माझ्या चिठ्ठीला ती एवढी का घाबरते? मला खरं कळवा. आज मालकांसाठी जी चिठ्ठी दिली आहे, तिच्यात फक्त 'सराव चांगला झाला' एवढंच आहे.

गाण्याच्या बाई


२० जुलै

बाई,

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमची चिठ्ठी आली की ते तिला वखारीत नेतात. रविवारी करवत बंद असते, कामगार नसतात. मला बाहेरून कडी घालायला सांगतात. मग चिठ्ठी मोठ्याने वाचतात. एक ओळ वाचतात आणि एक मारतात. मग पुढची ओळ वाचतात आणि परत एक. कागद संपेपर्यंत तिने हलायचं नाही. हलली तर ती ओळ परत.

तुमची पत्रं लांब असतात, बाई.

मी दाराबाहेर उभी असते. तुमचं सगळं लिहिणं मला पाठ आहे. लाकडी बाहुलीचं पण पाठ आहे. देवाने चुकीच्या पत्त्यावर पाठवला, तिथे ते हसले. म्हणाले, बाई लिहितात झकास. ती ओळ दोनदा वाचली.

तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हाला काय माहीत. कडी मी घालते. पहिल्या वेळी मी कडी काढून आत गेले, तर माझं मनगट मोडलं आणि तिला दुप्पट बसले. त्यानंतर मी हात लावला नाही कडीला. रात्री मलम लावते, तेवढंच.

परवा तुमची एका ओळीची चिठ्ठी आली. मला वाटलं, चांगलं लिहिलंय, सुटली. त्यांनी वाचली, बरं म्हणाले, आणि एक मारलाच. 'हा पुढच्या वेळेसाठी,' म्हणाले.

तुम्ही काही करू शकत असाल तर करा. नसाल तर निदान चिठ्ठ्या आखूड लिहा.

बबीची आई


२३ जुलै

बबीच्या आईस,

तुमचं पत्र वाचलं. मग डॉक्टरीणबाईंचा दाखला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथला अंमलदार म्हणाला, "बाप आहे तो. आईला घेऊन या, ती बोलली तर बघू." मी त्याच्याशी भांडले. उपयोग झाला नाही. तुमच्यावाचून पुढे काही हलत नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी तिला एकटी पाठवू नका. तुम्हीही या. 'बबी कशी गाते ते मला ऐकायचंय' म्हणा. कपडे, भांडी काही घेऊ नका, त्यांना संशय येईल. इथून आपण तिघी सरळ ठाण्यात जाऊ. त्यानंतर माझ्याकडे राहा, दोन खोल्या आहेत. एकीत पियानो आहे, दुसरी तुमची. तुम्ही भ्याल, मीही भ्यालेच आहे. पण या पोरीच्या पाठीत आणखी एक ओळ मावणार नाही.

गाण्याच्या बाई


२७ जुलै

बाई,

तुमच्या चिठ्ठ्या आखूड व्हायला लागल्या. 'सराव चांगला झाला.' 'प्रगती उत्तम.' तुमच्या हातचं वाटत नाही. लाकूड वरून फार गुळगुळीत दिसलं की मी ते टोकरून बघतो. आत कीड निघते.

घरीही एक गंमत झाली. बायको म्हणते, मला बबीचं गाणं ऐकायचंय. लग्न झाल्यापासून या बाईने 'मला अमुक हवं' असं म्हटलेलं आठवत नाही. म्हटलं, चल. सगळेच जाऊ.

शनिवारी मीही येतो. प्रगती ऐकू द्या.

वखारवाला


९ ऑगस्ट

बाई,

सरकारी दवाखान्यातून लिहितो आहे. दाराशी पोलीस बसवलाय, मी जसा काही दरोडेखोर. उजव्या कानाने ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, आतलं फुटलं, आता येणार नाही. ज्या कानाने मी सूर पारखायचो, तो गेला.

बायकोकडून ही अपेक्षा नव्हती. तिला मी ओळखत नव्हतो असं दिसतं. असो. घरचं घरी निस्तरता येईल.

तुमच्या बोटांचं ऐकून वाईट वाटलं. पियानोचं झाकण त्या झटापटीत कसं पडलं, कुणाचा धक्का लागला, हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. तुम्हीही सांगू नये असं मला वाटतं. तुम्ही साक्ष द्यायला उभ्या राहणार आहात, असं कानावर आलं. एका कानावर.

आता मी काय म्हणतो ते शांतपणे वाचा. 'बाकीचे दिवस तुमच्या हातात आहेत,' हे कुणी लिहिलं? 'घरी काय केलंत माहीत नाही, पण तेच चालू ठेवा,' हे कुणाचं वाक्य? हट्टी, आळशी, बाहुली, हे शब्द माझे नाहीत. मला असे शब्द सुचतही नाहीत. तुम्ही सांगितलंत, मी केलं. तुम्ही शिक्षक, मी बाप, आपण दोघं एकाच बाजूचे. सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. तुम्ही तोंड उघडलंत तर त्या भर कोर्टात वाचल्या जातील. मग तुमच्या खोलीचा जिना कोण चढतंय ते बघू.

वखारवाला


१७ ऑगस्ट

वखारमालक,

हे पत्र मी सांगते आहे आणि खालचा चपलांचा कारागीर लिहितो आहे. उजव्या हाताची बोटं प्लॅस्टरमध्ये आहेत. 'नमस्कार' लिहू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

झाकण कुणाच्या धक्क्याने पडलं ते सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

तुम्ही आलात, माझ्या खुर्चीत बसलात आणि 'गा' म्हणालात. ती उभी राहिली. मी पियानोवर सूर दिला. तिने तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी पुन्हा सूर दिला. पुन्हा नाही. तुम्ही उठलात, तिचे केस मुठीत धरलेत आणि तिचं तोंड माझ्याकडे फिरवून म्हणालात, "ही प्रगती?" मी म्हटलं, "सोडा तिला." माझा उजवा हात अजून पट्ट्यांवर होता. तुम्ही डाव्या हाताने झाकण आपटलंत आणि त्यावर गुडघा दिलात. सगळा भार टाकलात. माझी बोटं मोडल्याचा आवाज मी एकेक करून ऐकला. माझे कान अजून चांगले आहेत.

त्यानंतर तुम्ही तिचं डोकं भिंतीवर आपटलंत. दुसऱ्यांदा आपटायला मागे खेचलंत, तेव्हा तुमच्या बायकोने पियानोपुढचं स्टूल उचललं. ओझं उचलावं तसं दोन्ही हातांनी उचललं आणि तुमच्या कानावर घातलं. तुम्ही गुडघ्यावर आलात. तिने परत घातलं. मी अडवलं नाही. तिसऱ्यांदा तिने उचललं तेव्हा मी धड राहिलेल्या डाव्या हाताने तिचा दंड धरला. तुमची दया आली म्हणून नव्हे. तुमच्यापायी तिने तुरुंगात जाऊ नये म्हणून.

आता चिठ्ठ्यांचं. त्या माझ्या आहेत हे खरं आहे. मी त्या मुलीला एकदाही 'काय होतंय गं?' असं विचारलं नाही. तोंड उघडत नाही, दम पुरत नाही, बसत नाही, हे सगळं मी बघितलं आणि प्रत्येकाला नाव ठेवलं. ते माझ्या वाट्याचं आहे, तुम्ही आठवण करून द्यायची गरज नव्हती. वकिलांना त्रास देऊ नका. कोर्टात त्या मीच वाचेन. जिना कुणी चढायचा ते लोकांनी ठरवावं.

पण आपण एका बाजूचे नाही. मी लिहिलं, आणि तुम्ही मारलंत.

गाण्याच्या बाई


२ मार्च

प्रिय बबी,

तुमचा नवा पत्ता मला माहीत नाही आणि नको. हे पत्र डॉक्टरीणबाई पोचवतील.

निकालाचं तुम्हाला कळलं असेल. चार वर्षं. आईवर काही आरोप ठेवला नाही, हे ऐकून मी खाली जाऊन कारागिराला सांगितलं, तर त्याने दुकान बंद केलं आणि दिवसभर नुसता बसून राहिला. त्याला आनंद असाच होतो.

त्यानंतर माझ्याकडच्या चार मुली सोडून गेल्या. त्यांच्या आईबापांना मी दोष देत नाही. दोघी राहिल्या. त्यांच्या घरी मी काही लिहून पाठवत नाही. जे सांगायचं ते त्यांनाच सांगते, आणि आधी विचारते. एकदा विचारायला लागलं की काय काय निघतं! एकीला माझ्या पियानोचा वास आवडत नाही. कधीपासून? म्हणाली, पहिल्या दिवसापासून.

बोटं वाकडी जुळली. पियानो आता वाजत नाही, पण कान आहेत. तेवढ्यावर तुला शिकवता येईल. बबी, असा आवाज मला पुन्हा मिळणार नाही. मी म्हातारी होत चालले आहे म्हणून सांगते असं समज. तू ये. मी आवाज चढवणार नाही. तू अर्ध्या श्वासावर गायलीस तरी चालेल.

तुझी,
बाई


२० मार्च

बाई,

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नव्हतं, पण डॉक्टरीणबाई 'बाईंचं' म्हणाल्यावर मी ते उघडलं नाही. मी ते आईपुढे धरलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, "तुझं आहे, तू वाच." मग मी जिन्यात बसून वाचलं. तुमचं पत्र मी पहिल्यांदाच स्वतः वाचलं. फार हळू वाचलं.

कोर्टात तुम्ही चिठ्ठ्या वाचल्यात तेव्हा मी शेवटच्या बाकावर होते. कान दाबून बसले होते. पण पाठ होतं, त्यामुळे तुमचे ओठ बघून कळत होतं कुठली ओळ चालली आहे. तुम्ही काहीच गाळलं नाहीत. बाबा डावा कान पुढे करून ऐकत होते. मला वाटलं होतं मला राग येईल, तुमचा किंवा त्यांचा. आला नाही. नुसती झोप आली. घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.

तुमची बोटं मी विसरणार नाही. आईही विसरत नाही, रोज एकदा तरी नाव काढते.

पण मी येणार नाही, बाई.

तुम्ही लिहिलंय, असा आवाज पुन्हा मिळणार नाही. बाबाही हेच म्हणायचे. फळी खाली ठेवली की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. म्हणायचे, "एवढं देवाचं देणं आहे तुझ्याकडे म्हणून मारतो. बेसूर असतीस तर बोटही लावलं नसतं." तेव्हा मी रोज मागायचे, माझा आवाज जाऊ दे. गार पाणी प्यायले, उशीत तोंड घालून ओरडले, काही काही केलं. नाही गेला. अजून आहे. कधी कधी आंघोळ करताना घशापर्यंत येतो, मी तिथेच थांबवते. पुढे कधी बाहेर काढीन की नाही माहीत नाही. काढला तर माझ्यापुरता काढीन.

मला गाणं शिकायचंय का, हे तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही आता विचारता आहात, म्हणून सांगते, नाही. तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे थोडं.

मी परत शाळेत बसले आहे, माझ्याहून लहान मुलींच्या वर्गात. मी सगळ्यांत उंच, म्हणून वर्गाच्या बाईंनी फळा पुसायचं काम दिलं. भूमिती आवडायला लागली. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात लागली आहे. मोठ्या मोठ्या चादरी दोघी दोघींनी पिळायच्या असतात. मनगट दुखतं तिचं, पण तिथल्या बायकांशी चांगलं जमलंय. परवा एकीशी भांडून आली. मी बघतच राहिले.

आणि एक सांगायचं होतं. आई आता गाते. त्या घरात ती कधी गुणगुणलीसुद्धा नव्हती. इथे संध्याकाळी भांडी घासायला बसली की सुरू. कारखान्यातल्या बायकांकडून उचललेली गाणी. भयंकर गाते, बाई. एक सूर जागेवर नाही. तुम्ही खोलीतून उठून जाल. खालचे आजोबा काठीने छत ठोकतात. मग ती जरा थांबते, तोंडावर हात धरून हसते, आणि होतं तिथूनच उचलते, तसंच चुकीचं.

काल मध्येच थांबून मला म्हणाली, "बबी, बरोबर येतंय का गं?"

मी म्हटलं, "येतंय."

बबी